बाबांना नावानं हाक मारतो, आजीला 'आई' म्हणतो

वाचकाचं पत्र : माझं माहेर जळगावचं, सासर सावंतवाडीचं, आणि आम्ही राहतो बेंगळुरूत. मुलगी ११ वर्षांची, मुलगा अडीच वर्षांचा. सासूबाई सहा महिने आमच्याकडे आहेत. मुलगा त्याच्या बाबांना सरळ नावानं हाक मारतो, अगदी माझ्याच सुरात. सासूबाईंना 'आई' म्हणतो आणि मला 'मम्मा'. हे मम्मा पाळणाघरातून आलं. पाहुण्यांसमोर अवघडल्यासारखं होतं. सासूबाई म्हणतात, 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं. आम्ही वडिलांना भाऊ म्हणायचो आणि त्यांच्यासमोर तोंड उघडायची टाप नव्हती.' मुलगी बाबांना 'तू' म्हणते आणि मैत्रिणींसमोर मला 'मॉम'. त्यावरूनही बोलणी बसतात. त्यात माझ्या आईचा हट्ट, की नातवंडांनी आमच्याकडच्यासारखं 'माय' म्हणावं. ते म्हणे इथे गावंढळ वाटेल. मुलाला वळण लावायचं वय निघून गेलं का? सुरुवात कुठून करू?

उत्तर :

वय निघून गेलेलं नाही. हाकेचे शब्द बदलायला अडीच वर्षं हे चांगलंच सोयीचं वय आहे. मात्र वळण मुलाला लावायच्या आधी घरातल्या मोठ्यांना लावावं लागेल. तुमचा मुलगा कुणालाच चुकीची हाक मारत नाहीये. घरात जो माणूस ज्या नावानं ओळखला जातो, ते नाव त्यानं उचललं आहे.

सासूबाईंच्या 'भाऊ'चंच बघा. स्वतःच्या बापाला कुणी भाऊ का म्हणेल? एकत्र कुटुंबात थोरल्या मुलाला धाकटी भावंडं भाऊ किंवा दादा म्हणत. पुढे त्याचं लग्न झालं, पोरं झाली, आणि दिवसभर कानावर पडणारं तेच 'भाऊ' पोरांच्या तोंडी बसलं. महाराष्ट्रभर वडिलांना दादा, अण्णा, तात्या, नाना, आप्पा, आबा, बापू म्हणायची पद्धत बरीचशी अशीच पडली. पुतण्यांचं ऐकून सख्ख्या बापाला 'काका' म्हणणारी घरं आहेत. धाकट्या दिरांचं ऐकून आईला 'वहिनी' म्हणत मोठी झालेली माणसं तर आजही भेटतात. माई, ताई, अक्का, काकू, बाई हीसुद्धा कित्येक घरांत आईचीच नावं. तेव्हा सासूबाई लहानपणी जे करत होत्या तेच त्यांचा नातू करतोय. हे त्यांना वादात हरवायला सांगू नका, त्यातून काही साधणार नाही. 'तुमच्या वडिलांना भाऊ पहिल्यांदा कोण म्हणायचं?' एवढंच विचारा आणि त्यांना सांगू द्या.

फरक पडला तो नवऱ्याचं नाव घेण्यात. त्यांच्या पिढीत बाई नवऱ्याचं नाव उखाण्यातच घ्यायची. एरवी 'अहो', 'इकडे बघा', 'ऐकलंत का'. त्या काळातली मुलं बापाला नावानं हाक मारतील कुठून? नाव त्यांच्या कानावरच पडत नव्हतं. पण आईचं ऐकून बापाला 'अहो' म्हणणारी पोरं तेव्हाही असायची, आणि त्याचं मात्र घरात कौतुक व्हायचं.

आता तुमच्या घरात एक दिवस मोजून बघा. नवऱ्याला नावानं कोण बोलावतं? तुम्ही, सासूबाई, फोनवरचे मित्र, दारात येणारे शेजारी. 'बाबा' कोण म्हणतं? फक्त मुलगी, आणि ती सकाळी साडेसातला शाळेत जाते. पोरानं बहुमत मानलं.

'आई'चा गुंता थोडा निराळा आहे आणि तो मराठीपणामुळेच झाला आहे. नवरा त्याच्या आईला 'ए आई' म्हणतो, तुम्ही 'अहो आई' म्हणता. म्हणजे मुलाच्या दृष्टीनं या घरात 'आई' नावाची एकच बाई आहे, आणि ती आजी. मोठ्या माणसाला यातला फरक लगेच कळतो. 'आई आली' म्हणजे स्वतःची आई आणि 'आई आल्या' म्हणजे सासू, हे आपण क्रियापदावरून ओळखतो. 'ए' की 'अहो' यावरूनही ओळखतो. अडीच वर्षांच्या मुलाला आदरार्थी बहुवचनाची ही खूण अजून पकडता येत नाही. तो शब्द तेवढा पकडतो. तुम्हाला 'आई' म्हणणारी पुन्हा एकटी मुलगीच. म्हणून पाळणाघरात कानावर पडलेलं 'मम्मा' त्यानं तुमच्या मोकळ्या जागेवर बसवलं. पोराचा हिशेब चोख आहे.

'मम्मा' इतक्या झटकन का बसलं, यालाही कारण आहे. साधारण सहा ते दहा महिन्यांच्या काळात मूल एकच अक्षर पुन्हा पुन्हा उच्चारायला लागतं : बाबाबा, मामामा, दादादा. ओठ मिटून उघडले की प, ब, म सहज येतात. 'आई'त एकही व्यंजन नाही, नुसते दोन स्वर. त्यामुळे मराठी घरांत 'बाबा' आधी येतं आणि 'आई' मागाहून, आणि नऊ महिने पोटात वाढवूनही पहिला मान बापाला गेला म्हणून आया खट्टू होतात. त्यात प्रेमाची तुलना काही नसते, जिभेची आणि ओठांची सोय असते. जॉर्ज मर्डॉक या मानववंशशास्त्रज्ञानं १९५९ साली जगभरच्या भाषांतले आई-वडिलांसाठीचे १,०७२ शब्द गोळा केले. त्यावर रोमान याकबसन या भाषाशास्त्रज्ञानं मांडणी केली, की आईच्या शब्दांत 'म'सारखे अनुनासिक ध्वनी जास्त येतात, कारण दूध पिताना तोंड बंद असतं तेव्हा नाकातून निघणारा हुंकार तसाच असतो. अपवाद आहेतच. जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे बाप आणि 'देदा' म्हणजे आई. आपल्याकडेही लहान मुलांच्या बोलीत 'मंमं' म्हणजे खाऊ आणि 'पापा' म्हणजे मुका. 'पापा दे' म्हटल्यावर पोरगं बापाकडे बोट दाखवतं, अशी गंमत पप्पा म्हणणाऱ्या घरांत नेहमीची.

बोलता येण्याच्या कितीतरी आधी मूल शब्द आणि माणूस जोडत असतं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सहा महिन्यांच्या बाळांना आई आणि बाबा शेजारशेजारच्या पडद्यांवर दाखवले. 'मम्मी' ऐकल्यावर ती आईकडे आणि 'डॅडी' ऐकल्यावर बाबांकडे जास्त वेळ बघत. अनोळखी बाई-पुरुष दाखवले तेव्हा तसं झालं नाही. म्हणजे त्या वयात 'बाबा' हे नातं नसतं, एका विशिष्ट माणसाचं विशेषनाम असतं. तुमच्या मुलासाठी बाबांचं नाव आणि 'बाबा' यांत तूर्त एवढाच फरक आहे : एक रोज ऐकू येतं, दुसरं क्वचित.

म्हणून उपाय कानाच्या बाजूनं करायचा. एका वेळी एकच शब्द. क्रम असा ठेवा : आधी 'बाबा', मग 'आजी', शेवटी 'आई'. 'आई'ला हात शेवटी का घालायचा? आजी त्या शब्दावर बसलेली आहे तोवर तो तुमचा होणार नाही. आधी जागा रिकामी व्हायला हवी.

पहिले दोन आठवडे 'बाबा'. मुलाशी बोलताना घरातल्या कुणीही नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. 'बाबांना चप्पल दे.' 'हा चष्मा कुणाचा? बाबांचा.' 'दार वाजलं, कोण आलं? बाबा.' हवा असलेला शब्द वाक्याच्या शेवटी आला की लहान मुलाच्या कानात जास्त ठसतो, म्हणून प्रश्न विचारून आपणच उत्तर द्यायची ही पद्धत कामाची. मुलाकडून वदवून घेऊ नका, नुसतं ऐकू द्या. दिवसाला वीस-पंचवीस वेळा सहज होतं. जेवण, अंघोळ, बाहेर जाताना बूट घालणं एवढ्यातच पंधरा वेळा येऊन जाईल.

तुम्ही दोघांनी एकमेकांना नावानंच बोलवत राहा. ते बदलायची गरज नाही, आणि बदलू नये असंच आम्ही म्हणू. मुलांसाठी म्हणून सुरू केलेलं 'अहो बाबा, ऐकलंत का' हे पुढे मुलं परगावी गेली तरी सुटत नाही आणि साठीतले नवरा-बायको एकमेकांना आई-बाबा म्हणत बसतात. कुणाला ते गोड वाटत असेल. मुद्दा इतकाच, की आपसातलं बोलणं वेगळं आणि मुलाकडे तोंड करून केलेलं बोलणं वेगळं.

मुलानं नावानं हाक मारली की बाबांनी लगेच ओ द्यायची, पण आपलं नवं नाव सांगून : 'काय रे? बाबा इथे आहे.' बस्स. 'असं नाही म्हणायचं' नको. 'आधी बाबा म्हण, मग उचलतो' हे तर मुळीच नको. त्याला आत्ता कडेवर यायचंय, आणि हाक हे त्याचं साधन आहे. ते साधन परीक्षेत बदललं की दोन गोष्टी होतात. एक तर तो हट्टानं नावच घेतो, नाहीतर हाकच मारणं सोडून नुसतं 'ए' म्हणायला किंवा शर्ट ओढायला लागतो. दुसरा प्रकार सुधारायला पहिल्याहून जड जातो.

पण सगळ्यात जास्त घोळ हसण्यानं होतो. पाहुणे येतात, कुणीतरी म्हणतं, 'बाबांना काय म्हणतोस रे तू? म्हण ना एकदा!' तो म्हणतो आणि सगळे खो-खो हसतात. एवढं यश त्याला दुसऱ्या कुठल्याच शब्दानं मिळालेलं नसतं. मग दोन आठवड्यांचं काम एका संध्याकाळी पाण्यात. पाहुण्यांना आधी सांगून ठेवा. सांगूनही कुणी काढलंच, तर हसू नका, रागावू नका, विषय बदला. मुलीलाही हे सांगा. अकरा वर्षांच्या बहिणीला भावाच्या तोंडून बाबांचं नाव ऐकण्यात भलतीच मजा येत असणार.

यात सासूबाईंचं काम सगळ्यांत मोठं आहे, कारण दिवसा त्याच्याजवळ सर्वांत जास्त वेळ त्या असतात. त्यांनी स्वतःच्या मुलाला 'बाबा आले' म्हणावं अशी अपेक्षा करू नका. पोटच्या पोराला आदरार्थी बहुवचन लावायला आईची जीभ वळत नाही. 'बाबा आला' म्हणाल्या तरी काम झालं. वळणाची तक्रार त्यांची आहे, तेव्हा त्याचं सूत्र त्यांच्या हाती द्या. सुनेनं सुधारलेलं आणि आजीनं शिकवलेलं यांत घराच्या शांततेच्या दृष्टीनं खूप अंतर असतं.

साधारण दोन ते चार आठवड्यांत 'बाबा' येऊ लागेल. मध्ये काही दिवस दोन्ही चालेल : झोप आली, पडला, घाबरला की जुनं नाव बाहेर येईल. ती माघार नाही. नवा शब्द आधी शांत वेळेत येतो आणि घाईच्या वेळेत नंतर. आजारपण, प्रवास, पाळणाघर बदलणं अशा दिवसांत मात्र सुरुवात करू नका.

मग 'आजी'. नवऱ्यानं आईला 'ए आई' म्हणणं सोडावं असं कुणी सुचवणार नाही. पण मुलाशी बोलताना 'आईला विचार' ऐवजी 'आजीला विचार' म्हणता येतं. तुम्हीही मुलाच्या देखत 'अहो आई' ऐवजी 'आजी' म्हणू शकता. मूल झाल्यावर बऱ्याच सुना आपोआप तसं म्हणायला लागतात आणि त्यात कुणाचा मान जात नाही. जोडीला सहा फोटो घ्या, जास्त नकोत : बाबा, तुम्ही, बहीण, दोन्ही आज्या आणि तो स्वतः. आजोबा असतील तर तेही. रोज पाच मिनिटं, 'ही कोण?' आणि लगेच उत्तर. जळगावची आजी त्यात असलीच पाहिजे, नाहीतर 'आजी' हेही एकाच बाईचं विशेषनाम होऊन बसेल. तुम्ही बेंगळुरूत आहात याचा इथे फायदा आहे. कन्नडमध्ये आजीला 'अज्जी'च म्हणतात, त्यामुळे पाळणाघरातल्या बायका हा शब्द लगेच उचलतील आणि तिथूनही तोच कानावर पडेल.

त्याआधी एकदा सासूबाईंना एकांतात विचारा, नातवाचं 'आई' त्यांना सोडायचं आहे ना. तक्रार मुलाच्या बापाला नावानं हाक मारण्याची आहे. स्वतःला 'आई' म्हणण्याबद्दल त्या काही बोलल्याचं पत्रात नाही. आजीला 'आई' आणि आईला दुसरंच काही म्हणणारी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि ती मुलं नीट वाढली आहेत. तसं ठेवायचं असेल तर ठरवून ठेवा. तुम्हाला आतून टोचत असेल तर मात्र स्पष्ट सांगा. 'मलाही आई म्हणवून घ्यायचंय' हे वाक्य कुठल्याही सासूला समजतं.

आणि मग 'आई'. मुलीला सांगा, भावाशी बोलताना 'आईकडे जा', 'आईनं बोलावलंय' असं म्हण. बाबांनीही तसंच, कारण तुमचं नाव घेऊन तुम्हाला बोलावणारा तोच आहे. पाळणाघरातलं 'मम्मा' बंद करायच्या मागे लागू नका. न्यायला आलात की तिथल्या बाई 'अम्मा बंद्रु' म्हणणार, दुसऱ्या कुणी 'मम्मा आ गयी' म्हणणार. कोणाशी कोणता शब्द, हे दोन-तीन भाषांत वाढणारी मुलं दोन वर्षांच्या पुढे बरंच सांभाळतात. प्रवेशाच्या वेळी भरलेल्या माहितीत मात्र एक ओळ घालून द्या, 'घरी आई, बाबा, आजी म्हणतात', आणि तोंडीही सांगा. कारण 'आई' हा शब्द तिथे कुणाला उमगेलच असं नाही. मदतनीस बाईंना 'आया' म्हणत असतील तर तो तिला हाक मारतोय असं वाटून तुमच्यासाठी रडणाऱ्या मुलाचा अर्थच हुकतो.

आता 'माय'. खानदेशात आणि विदर्भात माय हा रोजचा, खणखणीत शब्द आहे. गावंढळ हे विशेषण त्याला शहरातल्यांनी लावलं. शब्दाला गाव असतंच. कोकणात 'आये', गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत 'माय' आणि 'पाय', कोल्हापूर-साताऱ्याकडे 'आय', कुठे बापाला नुसतं 'बा'. तेच 'बा' गुजरातीत आईला म्हणतात; कस्तुरबांना सगळे 'बा' म्हणायचे ते त्यामुळेच. हिंदी मुलखात 'दादा' म्हणजे बापाचा बाप आणि 'नाना' म्हणजे आईचा बाप, आपल्याकडे दोन्ही वडील असू शकतात. अण्णा, आप्पा, अक्का आपल्याकडे कन्नडच्या बाजूनं आले, पण तिथे अण्णा म्हणजे थोरला भाऊ. तुमच्या गल्लीतला फळवालाही अण्णाच असेल. असामीत 'आई' म्हणजे आईच. कुठला शब्द शुद्ध आणि कुठला गावंढळ हे ठरवायला बसलं की हाती काही लागत नाही. मम्मी-पप्पांवर नाक मुरडणाऱ्यांनीही एकदा खेड्यात फेरी मारावी. आज 'मम्मी, पप्पा' तिथल्या पोरांच्या तोंडी सर्रास आहे, आणि कटाक्षानं 'आई-बाबा' म्हणणारी बरीच घरं शहरातल्या इंग्रजी शाळांची असतात.

तुमच्या आईच्या हट्टाचा तर उपयोगच करून घ्या. दोन आज्यांना वेगळी नावं हवीतच. 'सावंतवाडीची आजी' आणि 'जळगावची आजी' हे अडीच वर्षांच्या तोंडाला लांब पडतं. इथली 'आजी', तिथली 'माय'. 'म'नं सुरू होणारा, दोन अक्षरांचा शब्द, त्याला लगेच येईल. तुमच्यासाठी 'आई' ठरलेलंच आहे, तेव्हा गोंधळ नाही. एक सावधगिरी : आजीसाठी 'मोठी आई' असा पर्याय कुणी सुचवला तर विदर्भातले नातेवाईक आहेत का ते बघा. तिकडे मोठी आई म्हणजे थोरल्या काकांची बायको आणि मोठे बाबा म्हणजे ते काका.

बाबांचं नाव त्याला येतं, ते पुसून टाकायचं नाही. त्याची जागा बदलायची. जत्रेत, मॉलमध्ये, स्टेशनवर हरवलेल्या मुलाला 'आईचं नाव काय?' विचारलं की 'आई' हेच उत्तर येतं आणि शोधणाऱ्याचा वेळ जातो. तो तीन-चार वर्षांचा होईतो दोघांची पूर्ण नावं, पाच वर्षांचा होईतो एक मोबाइल नंबर पाठ असावा. 'बाबांचं नाव काय?' हा प्रश्न खेळ म्हणून विचारा, उत्तरात नाव आलं की शाबासकी द्या. अशानं एकाच माणसाला हाकेचा एक शब्द आणि सांगायचं एक नाव असतं हेही उमगतं. हा दोन नावांचा मेळ तीन-चार वर्षांच्या आसपास बसू लागतो. 'आजी ही बाबांची आई' हे नीट कळायला मात्र आणखी वेळ जातो. झां पियाजे हा मानसशास्त्रज्ञ मुलांना विचारायचा, तुला भाऊ आहे का? हो. तुझ्या भावाला भाऊ आहे का? नाही! शाळेत जाणारी मुलंही इथे अडखळायची, तेव्हा अडीच वर्षांच्या मुलाला नातं समजावून सांगत बसू नका. हरवलेल्या किंवा संकटातल्या मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक मुलीला आत्ताच पाठ करायला सांगा.

शब्द कोणता याची काळजी नसावी, शब्द येतो की नाही याची असावी. वर्षाचं मूल स्वतःच्या नावाला वळून बघत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थाचा शब्द नसेल, दोन वर्षांनंतरही 'बाबा ये'सारखे दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर 'मुलगे उशिरा बोलतात' असं म्हणून थांबू नये. बालरोगतज्ज्ञांना भेटावं आणि ऐकू येण्याची तपासणी करून घ्यावी. बापाला सुरात नावानं हाक मारणाऱ्या तुमच्या मुलाला हे लागू दिसत नाही.

मुलीच्या 'तू'बद्दल. मराठीत आईला 'तू' आणि वडिलांना 'तुम्ही' ही वाटणी जुनी आहे. आईला 'ए आई' म्हटल्यानं तिचा अपमान होतो असं कुणालाच वाटलं नाही, ही गोष्ट सासूबाईंसमोर ठेवण्यासारखी आहे. गोव्यात कोकणी घरांत आई-बाप दोघांनाही 'तूं' चालतं, मालवणी बोलणाऱ्या कित्येक घरांतही तसंच. गेल्या एक-दोन पिढ्यांत शहरांतल्या बापांनी स्वतःहून 'तू' मागून घेतलं. तुमच्या नवऱ्यालाही ते आवडत असेल तर त्यानंच आईला सांगावं. हा वाद सून आणि सासू यांनी लढायचा नाही. मधला मार्गही बरीच मुलं आपणहून काढतात : तोंडावर 'बाबा, तू येणार ना?' आणि मागे सांगताना 'बाबा अजून आले नाहीत'. मुलगी मागे बोलताना 'आला' म्हणते की 'आले', ऐका एकदा. 'आले' म्हणत असेल तर सासूबाईंची निम्मी तक्रार तिथेच मिटते. उलट उत्तरं देणं, हाक मारल्यावर ओ न देणं, हे वेगळे प्रश्न आहेत. त्यांचा बंदोबस्त सर्वनामानं होत नाही. 'अहो बाबा' म्हणून दार आपटणारी मुलंही असतात. तिला 'अहो'ची सक्ती केलीत तर ती बाबांशी बोलताना सर्वनामच टाळायला लागेल, 'बाबांचं जेवण झालं का' असं आडून विचारेल, आणि त्या दोघांत आत्ता जे मोकळेपण आहे ते आटेल.

मैत्रिणींसमोरचं 'मॉम' हे दोन-तीन वर्षांचं पाहुणं असतं. दहा-अकराव्या वर्षी मुलं घरचे शब्द बाहेर लपवतात आणि बाहेरचे घरात आणत नाहीत. मैत्रिणींसमोर टोकू नका, एवढं एकच पथ्य. घरी ती 'आई' म्हणतेय तोवर काही बुडालेलं नाही. मात्र तिच्या हाती फोन असेल तर त्यात तुमचे नंबर कोणत्या नावांनी आहेत ते बघा. या वयाची मुलं 'हिटलर', 'बॉस लेडी' असलं काहीतरी ठेवतात. अपघातात किंवा फोन हरवल्यावर सापडणारा माणूस 'आई', 'बाबा', 'मम्मी' असलंच नाव शोधतो. तिथे इंग्रजी अक्षरांत 'आई' लिहिलं तर बेंगळुरूच्या पोलिसालाही ते कळणार नाही. 'मॉम' आणि 'डॅड' या शब्दांचा खरा उपयोग तिथे आहे. त्या नावांनी दोन्ही नंबर ठेवून द्या आणि फोनच्या आपत्कालीन संपर्कातही घाला, म्हणजे फोन लॉक असला तरी दिसतील.